ध्वनिपातळी

एखाद्या ठिकाणच्या ध्वनिदाबाची प्रमाणित दाबाशी तुलना करून ती डेसिबेल या एककात व्यक्त करणारी राशी. ध्वनिमुद्रण व गोंगाटनियंत्रण या दोन्ही क्षेत्रांत ही संज्ञा मूलभूत आहे. ध्वनीची उच्चनीचता कंप्रतेवर, म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येवर (एकक हर्ट्‌झ), तर तीव्रता मुख्यत्वे कंपनांच्या परमप्रसरावर अवलंबून असते. निरोगी तरुण माणसास सु. २० ते २०,००० हर्ट्‌झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात.

प्रमाणित दाब २० मायक्रोपास्काल असून त्याची पातळी शून्य डेसिबेल धरतात. हे मापन लॉगरिथमीय असल्याने पातळ्यांची साधी बेरीज करता येत नाही. भिवंडी (जि. ठाणे) येथील यंत्रमागांच्या कारखान्यांवरून हे स्पष्ट होईल. एका मागाशेजारी तसाच दुसरा सुरू केल्यास तीव्रता दुप्पट होते. पण पातळी केवळ ३ डेसिबेलांनी वाढते. उलट, निम्मे माग थांबविले तरी ती तेवढीच उतरते आणि कानास हा फरक जेमतेम जाणवतो. म्हणून गोंगाटाचा उगमाशीच, म्हणजे पेटीवर आदळणाऱ्या धोट्याशी, बंदोबस्त करणे अधिक परिणामकारक होय.

पत्र्याचे छप्पर व गुळगुळीत भिंती ध्वनी परावर्तित करतात. उगम थांबल्यावर पातळी ६० डेसिबेलांनी उतरण्यास लागणाऱ्या वेळास निनादकाल म्हणतात. त्याचा अभ्यास करणारे अमेरिकन भौतिकीविज्ञ वॉलेस सॅबिन (१८६८–१९१९) यांनी उघडी खिडकी हे पूर्ण शोषणाचे मान धरले. मात्र शोषलेला वाटणारा हा ध्वनी शेजारच्या वस्तीत जातो. गोंगाटविषयक नियमांनुसार (२०००) निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबेल आहे.

इष्ट ध्वनी व गोंगाट यांच्या पातळ्यांतील अंतर ध्वनिमुद्रणात निर्णायक ठरते. नेहमीचे बोलणे एक मीटरवर सु. ६० डेसिबेल भरते. यंत्रमागांच्या कारखान्यात पातळी बहुधा ९० च्या वर असते. अंतर निम्मे केल्यास मोकळ्या जागी पातळी ६ डेसिबेलांनी वाढते. त्यामुळे ध्वनिग्राहक तोंडापासून ३ सेंमी.वर आणला, तरी बोलणे गोंगाटाच्या जेमतेम बरोबरीस येते. माग चालवणारे खुणांनी व ओठांच्या हालचालींवरून संवाद साधतात, ते यामुळेच.

बिघडलेले मुद्रण पुन्हा करता येते; आंतरकर्णातील नष्ट झालेल्या केशकोशिका पुन्हा येत नाहीत. ऱ्हासाची सुरुवात प्रायः ४,००० हर्ट्‌झच्या आसपास होते. स्, श् यांसारखी व्यंजने उच्च कंप्रतेची असल्याने आधी तीच हरवतात. आवाज ऐकू येतो, शब्द उमगत नाही. कानात घालावयाची बुचे हा स्वस्त उपाय होय. कारखाने अधिनियमाखालील (१९४८) आदर्श नियमांत ९० डेसिबेलांस आठ तास, ९५ ला चार व १०० ला दोन तास अशी मर्यादा ठरविलेली होती. भिवंडीत मागावरची पाळी सर्रास बारा तासांची असते.