ठाणें-कल्याणची व्यवहारभाषा : एक कीं दोन ?

‘द्वैभाषिक’ हा शब्द मराठी माणसाच्या कानाला अजून थोडा खुपतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजीं मराठी व गुजराती प्रदेश एकत्र जोडून मुंबईचें द्वैभाषिक राज्य निर्माण झालें आणि साडेतीन वर्षांनीं, 1 मे 1960 रोजीं, तें मोडून महाराष्ट्र व गुजरात हीं दोन राज्यें झालीं. तो वाद राज्याच्या सीमांचा होता. ठाणें, कल्याण, डोंबिवली या शहरांत आज जो प्रश्न विचारला जातो तो निराळा आहे. येथें परप्रांतांतून आलेली वस्ती मोठी आहे. तेव्हां येथील सार्वजनिक व्यवहार एकट्या मराठींतून चालावा, कीं हिंदीलाहि तिच्या बरोबरीचें स्थान द्यावें? या प्रश्नाचा थोडा शांतपणें विचार करूं.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. माणूस द्वैभाषिक असणें ही एक गोष्ट आणि प्रदेश द्वैभाषिक असणें ही दुसरी. माणसाला दोन भाषा आल्या तर त्याचें वैभव वाढतें, याविषयीं वाद नाहीं. प्रदेश द्वैभाषिक होतो तो मात्र कायद्यानें : कचेरी, शाळा, पाटी, अर्ज या सर्व ठिकाणीं दोन भाषांना सारखा अधिकार मिळतो. याचा अर्थ असा कीं, त्यांपैकीं एक भाषा ज्याला येते त्याला दुसरी शिकण्याची गरज उरत नाहीं. द्वैभाषिक प्रदेश हा अशा रीतीनें एकभाषिक माणसाच्या सोयीचा असतो. मग दुसरी भाषा शिकण्याचे कष्ट कोणी घ्यावयाचे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

आपला हा टापू घराघरांतून एकभाषिक नाहींच. 16 एप्रिल 1853 रोजीं मुंबईहून पहिली आगगाडी ठाण्यास आली आणि 1854 सालीं लोहमार्ग कल्याणास पोंचला; तेव्हांपासून नाना प्रांतांची माणसें या वाटेनें येथें उतरत आलीं आहेत. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणींत सिंधी निर्वासित वसले आणि 1949 सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटांत उर्दू, हिंदी, तेलुगू ऐकूं येतात. खाडीकांठच्या आगरी-कोळ्यांची आणि शहापूर-मुरबाडकडील आदिवासींची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी आहे. पण याच टापूंत 1864 सालीं कल्याणचें सार्वजनिक वाचनालय आणि 1893 सालीं ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. 2010 सालीं ठाण्यास व 2017 सालीं डोंबिवलीस अखिल भारतीय मराठी साहित्यसंमेलन भरलें. घरांत अनेक भाषा आणि चव्हाट्यावर मराठी, अशी वाटणी येथें पुष्कळ काळ चालत आली.

द्वैभाषिकाच्या बाजूनें जें बोललें जातें तें पोकळ नाहीं. कालच गांवाहून आलेल्या मजुरास रुग्णालयांत आपलें दुखणें सांगतां आलें पाहिजे. त्यासाठीं आधीं व्याकरण शीक, असें त्याला म्हणणें ही निर्दयता होय. राज्यघटनेच्या 347 व्या कलमान्वयें, राज्यांतील लोकसंख्येच्या मोठ्या भागानें मागणी केल्यास त्यांच्या भाषेस राज्यांत मान्यता देण्याचा निर्देश राष्ट्रपति देऊं शकतात. आणि 1956 सालीं घातलेलें 350-अ हें कलम अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांस मातृभाषेंतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास सांगतें. कर भरणाऱ्या नागरिकाला आपल्या भाषेंत उत्तर कां मिळूं नये, हा प्रश्न न्याय्य दिसतो.

परंतु हा प्रयोग इतरत्र झाला आहे, आणि त्याचे निकाल पाहण्यासारखे आहेत. बेल्जमच्या उत्तरेस फ्लेमिश लोक डच बोलतात, दक्षिणेस वालून लोक फ्रेंच. 1830 सालीं देश स्वतंत्र झाला तेव्हां सत्तेची भाषा फ्रेंच होती. शिकलेला फ्लेमिश माणूस फ्रेंच शिके. वालून मात्र डच शिकण्याच्या भरीस सहसा पडत नसे. पुढें फ्लेमिश चळवळ बळावली आणि दोन पर्याय उरले : सगळा देश द्वैभाषिक करावा, किंवा प्रत्येक प्रदेशाची एक भाषा ठरवावी. वालून लोकांनीं आपला प्रदेश द्वैभाषिक करण्यास नकार दिला, कारण मग त्यांनाहि डच शिकावी लागली असती. 1932 च्या कायद्यांनीं उत्तरेस डच व दक्षिणेस फ्रेंच ही व्यवस्था झाली आणि राजधानी ब्रुसेल्स तेवढी द्वैभाषिक राहिली. तें ब्रुसेल्स मुळांत बहुतांशीं डच बोलणारें शहर होतें. कोणीं कोणास हांकलून न देतां, पिढ्यानुपिढ्या, तें बहुतांशीं फ्रेंच बोलणारें झालें.

दुसरा दाखला कॅनडाचा. तेथील न्यू ब्रन्सविक प्रांतानें 1969 सालीं इंग्रजी व फ्रेंच दोहोंना सारखा मान दिला. कागदावर समता आली. तरी दोन्ही भाषा जाणणाऱ्यांचें प्रमाण फ्रेंच लोकांत कितीतरी अधिक आणि इंग्रजी लोकांत थोडें, अशी स्थिति राहिली. फ्रेंच बहुसंख्या असलेल्या क्वेबेकनें दुसरी वाट धरली. तेथें येणारे परदेशी आपलीं मुलें इंग्रजी शाळांत घालीत. 1974 सालीं फ्रेंच ही प्रांताची एकमेव राजभाषा ठरली आणि 1977 च्या सनदेनें नवागतांच्या मुलांना फ्रेंच शाळांत नेलें. जुन्या इंग्रजी समाजाच्या शाळा मात्र चालू ठेवल्या. आज माँट्रियलमध्यें घरची भाषा, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन भाषा बोलणारीं नवागतांचीं मुलें पुष्कळ भेटतात. प्रदेशाची भाषा एक ठेवल्यानें माणसें एकभाषिक झालीं नाहींत.

आतां आपल्याकडे पाहूं. केंद्राच्या कचेऱ्या, रेल्वे, टपाल, बँका यांत हिंदी व इंग्रजी आधींच आहेत. स्टेशनची पाटीहि तीन भाषांत असते. मराठीला कायद्यानें मिळालेली जागा म्हणजे राज्याचा कारभार, जो 1964 च्या राजभाषा अधिनियमानें तिचा झाला, आणि स्थानिक संस्थांचा कारभार, ज्यासाठीं 2022 सालीं स्वतंत्र कायदा झाला. या जागेंत दुसरी भाषा बरोबरीनें बसविली तर मराठीला एकटीची म्हणून जागाच उरत नाहीं. व्यवहाराचा ओघहि ओळखला पाहिजे. ज्याला दोन भाषा येतात तो एकच येणाऱ्याच्या भाषेवर उतरतो. म्हणून भाजीबाजारांत किंवा रिक्षांत दोन अनोळखी मराठी माणसेंहि एकमेकांशीं हिंदींत बोलतात आणि घासाघीस संपल्यावर त्यांना उमज पडतो.

यांत नवागताचेंहि हित साधत नाहीं. ज्याच्याशीं दहा वर्षें कोणी मराठी बोललेंच नाहीं त्याला ग्रामपंचायतीची सूचना, सातबाराचा उतारा, मुलाच्या शाळेंतील सभा यांपैकीं कांहींच धड उमगत नाहीं. आपण ज्याला सौजन्य म्हणतों त्यानें तो कायमचा पाहुणा राहतो.

शाळेचा प्रश्न याच सूत्राशीं बांधलेला आहे. 16 एप्रिल 2025 रोजीं मराठी व इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासननिर्णय निघाला, 17 जून रोजीं तो बदलला आणि 29 जून रोजीं दोन्ही निर्णय मागें घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमल्याचें जाहीर झालें. या गदारोळांत 2020 चा कायदा थोडा मागें पडला. त्यानें राज्यांतील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली आहे. अमराठी मुलाला ती गोडीनें आणि नीट शिकविली जाते कीं नाहीं, यावर या शहरांचें पुढचें भाषिक चित्र अवलंबून राहील.

तेव्हां माझें मत असें. व्यवहाराची भाषा मराठी असावी. जेथें जीवाचा किंवा न्यायाचा प्रश्न आहे, तेथें, म्हणजे रुग्णालयांत व पोलीस ठाण्यांत, दुभाष्याची सोय हक्कानें मिळावी. महानगरपालिकांनीं प्रौढांसाठीं संध्याकाळचे मराठी वर्ग विनामूल्य चालवावे. आणि मराठी समाजावरहि दोन बंधनें येतात. न येणाऱ्यावर दरडावून कोणतीहि भाषा पसरत नाहीं. नवागताशीं सावकाश, सोपें मराठी बोलण्याचा धीर आपण धरला पाहिजे, आणि त्याच्या चुकांना हंसूं नये. दुसरें, आगरी किंवा वारली मुलाच्या बोलीस अशुद्ध म्हणून हिणविणाऱ्या मराठीला आपल्यावरील अन्यायाची तक्रार शोभत नाहीं. हीं बंधनें पाळलीं तर एकभाषिक व्यवहार कोणास जाचक होणार नाहीं. न पाळलीं तर कायदा पुस्तकांत राहील आणि बाजार आपल्या मार्गानें जाईल.