बाळाचे लंगोट : कापडी की टाकाऊ?

मूल जन्माला येण्याची वेळ जवळ आली, की घरातील वडीलधारी स्त्री ट्रंकेतील जुनी लुगडी व धोतरे बाहेर काढते आणि त्यांची बाळोती व लंगोट बेतू लागते. भारताच्या बहुतेक भागांत, नावे निराळी असली तरी, ही रीत पूर्वापार चालत आली आहे. अलीकडे मात्र याच घरांत दुकानातून आणलेल्या टाकाऊ लंगोटांचे, म्हणजेच डायपरांचे, पुडकेही दिसू लागले आहे. एकदा वापरून फेकून द्यावयाची ही वस्तू सोयीची खरी. परंतु ती बाळाच्या त्वचेला मानवते काय, घरखर्चाला झेपते काय आणि फेकून दिल्यावर तिचे पुढे काय होते, असे प्रश्न आईबापांपुढे उभे राहतात. आजी एक सांगते, शेजारीण दुसरे सांगते आणि जाहिरात तिसरेच. या प्रश्नांचा निवाडा केवळ आवडीनिवडीवर न सोपविता विज्ञानाच्या आधारे करता येतो. त्यासाठी प्रथम या दोन्ही वस्तू आपले काम कसे करतात, ते समजून घेतले पाहिजे.

कापूस पाणी कसे शोषतो

कापसाचा तंतू मुख्यतः सेल्युलोज या द्रव्याचा बनलेला असतो. सेल्युलोजच्या रेणूंना पाण्याच्या रेणूंची ओढ असते. शिवाय तंतूंच्या मधल्या बारीक फटींतून पाणी केशाकर्षणाने वर चढते व पसरते. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसेच हे होय. मात्र कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो आणि नव्या कापडाला खळ लावलेली असते. ही दोन्ही द्रव्ये पाण्याला अडवितात. अनेक वेळा धुतल्यावर ती निघून जातात, कापड मऊ पडते आणि त्याची शोषणशक्ती वाढते. जुन्या लुगड्याचीच बाळोती करावी, या आजीच्या आग्रहामागील शास्त्र हे असे आहे. नवे कापड आणावयाचे असल्यास ते वापरण्यापूर्वी चार-पाच वेळा धुऊन घ्यावे.

कापडाची उणीव अशी, की त्याने शोषलेले मूत्र त्याच्या पृष्ठभागावरही राहते. त्यामुळे ओले कापड आणि बाळाची त्वचा यांचा संबंध तुटत नाही. कापड ओले झाल्याबरोबर बदलणे, हाच त्यावरील उपाय.

टाकाऊ लंगोटाची रचना

टाकाऊ लंगोटाचा इतिहास फार जुना नाही. मॅरिअन डोनोव्हन या अमेरिकन स्त्रीने दुसऱ्या महायुद्धानंतर स्नानगृहाच्या पडद्याच्या कापडापासून लंगोटावर घालावयाचे जलाभेद्य आच्छादन तयार केले; १९५१ मध्ये तिला त्याचे पेटंट मिळाले. १९६१ मध्ये अमेरिकेत ‘पॅम्पर्स’ नावाचे टाकाऊ लंगोट विक्रीस आले. त्या काळच्या लंगोटांत लाकडाच्या लगद्याचा जाड थर असे. खरी क्रांती झाली ती १९८० नंतरच्या दशकात, लगद्यामध्ये एक नवे शोषक द्रव्य मिसळले जाऊ लागले तेव्हा.

आजच्या लंगोटात तीन थर असतात. त्वचेला लागणारा थर पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या तंतूंचा असतो; तो स्वतः ओलावा धरून न ठेवता खाली जाऊ देतो. बाहेरचा थर बहुधा पॉलिएथिलीनच्या पातळ पापुद्र्याचा असतो. तो ओल बाहेर येऊ देत नाही. या दोहोंच्या मध्ये लाकडाचा लगदा आणि सोडियम पॉलिॲक्रिलेट या बहुवारिकाचे साखरेसारखे कण असतात.

या कणांचे कार्य मोठे मनोरंजक आहे. त्यांच्या लांब साखळ्यांवर ऋण विद्युत्‌भार असलेले गट असतात आणि त्यांच्या जोडीला सोडियमचे धन भार असलेले आयन असतात. कणाच्या आत आयनांची दाटी आणि बाहेर पाणी, अशी स्थिती झाली, की पाणी तर्षणाने आत शिरते. पाण्यात भिजविलेला मनुका ज्या कारणाने फुगतो, तेच कारण येथेही आहे. साखळ्यांवरील सारखे भार एकमेकांना दूर लोटतात व कण फुगतो. परंतु साखळ्या जागोजागी एकमेकींना जखडलेल्या असल्यामुळे तो विरघळत नाही, त्याची खळीसारखी घट्ट लगदी बनते. शुद्ध पाण्यात हे द्रव्य आपल्या वजनाच्या कित्येक शेकडा पट पाणी घेते. मूत्रात मात्र मुळातच क्षार असल्यामुळे आतील व बाहेरील आयनांतील तफावत कमी होते आणि शोषण सुमारे तीस ते पन्नास पटींवर येते. असे असले तरी कापसाच्या मानाने ते पुष्कळच अधिक आहे. शिवाय दाबल्याने कापडातील पाणी बाहेर येते, तसे ते यातून सहसा येत नाही.

त्वचेचा दाह कशामुळे होतो

लंगोटाच्या जागी त्वचा लाल होणे, सोलवटणे, हा बाळांचा नेहमीचा त्रास. मूत्रातून सुटणारा अमोनिया वायूच त्यास जबाबदार असतो, अशी पूर्वी समजूत होती. १९८० नंतरच्या दशकातील संशोधनाने हे चित्र बदलले. मूत्र आणि विष्ठा एकत्र आली, की विष्ठेतील जीवाणूंचे एक एंझाइम मूत्रातील युरियाचे विघटन करते व अमोनिया निर्माण होतो. त्यामुळे त्वचेची स्वाभाविक सौम्य अम्लता नाहीशी होते. अम्लता गेली, की विष्ठेतील प्रथिने व स्निग्ध पदार्थ पचविणारी एंझाइमे जोमाने काम करू लागतात आणि त्वचेवरच घाव घालतात. त्यातच त्वचा ओली राहून मऊ पडलेली असते व कापडाचे घर्षण होत असते. केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळाची विष्ठा अधिक अम्लधर्मी असते. म्हणून त्याला हा त्रास कमी होतो.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, शोषक द्रव्य असलेल्या टाकाऊ लंगोटात त्वचा अधिक कोरडी राहते. त्या दशकातील तुलनात्मक पाहण्यांतही अशा लंगोटाने दाह कमी होतो असे दिसून आले. दुसरी, या कोरडेपणाच्या भरवशावर विष्ठेने भरलेला लंगोट तासन्‌तास ठेवला, तर तो लाभ व्यर्थ जातो. कारण मुख्य घातक पदार्थ विष्ठेत आहेत. लंगोट कोणताही असो, बाळाला शी झाल्याबरोबर तो बदलणे, जागा साध्या पाण्याने धुऊन हळुवार टिपणे आणि काही वेळ उघडी ठेवणे, याला पर्याय नाही. कापडी लंगोटावर प्लास्टिकची चड्डी घालून ती दिवसभर ठेवल्यास आत ओल व ऊब कोंडते. तसे करू नये. भुकटी उडून श्वासावाटे बाळाच्या फुप्फुसांत जाण्याचा धोका असल्यामुळे पावडर टाळावी. त्वचेच्या घड्यांमध्ये गडद लाल चट्टा व त्याभोवती बारीक पुटकुळ्या दिसल्यास तो बुरशीचा संसर्ग असण्याचा संभव असतो. तसे दिसल्यास, किंवा साधा दाह तीन दिवसांत न ओसरल्यास, डॉक्टरांना दाखवावे.

धुलाईचे शास्त्र

कापडी लंगोटाचे यश धुण्यावर अवलंबून असते. पहिली पायरी म्हणजे विष्ठा शौचकूपात टाकणे. तान्ह्या मुलाची शी निरुपद्रवी असते, असा समज देशभर आढळतो. तो चुकीचा आहे. अतिसाराचे विषाणू व जीवाणू बाळाच्या विष्ठेतूनही पसरतात. म्हणून ती उघड्या गटारात किंवा परसात टाकू नये आणि त्यानंतर हात साबणाने धुवावेत.

दुसरी पायरी धुण्याची. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या कठीण पाण्यात साबणाचा साका होतो आणि तो तंतूंना चिकटून बसतो. असे कापड कडक होते, कमी शोषते आणि त्वचेला टोचते. अशा ठिकाणी धुण्याची पावडर बेताने वापरावी व कापड दोन-तीन पाण्यांत खळबळून काढावे. कापड मऊ करणारी रासायनिक द्रव्ये तंतूंवर लेप चढवितात. त्यामुळेही शोषण घटते. घरात कोणाला अतिसार झाला असेल, तर लंगोट उकळत्या पाण्यात घालावेत.

तिसरी पायरी वाळविण्याची. कडक उन्हातील अतिनील किरण व उष्णता जंतूंचा नाश करतात आणि डागही फिके करतात. परंतु कोकण व केरळच्या पावसाळ्यात, किंवा गंगेच्या मैदानातील पौष-माघाच्या धुक्यात, कापड दोन-दोन दिवस दमट राहते. शेगडीच्या धुरावर वाळविलेल्या कापडापेक्षा पंख्याखाली वाळवून इस्त्री फिरविलेले कापड चांगले.

येथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. थोरल्या मुलाची बाळोती धाकट्यासाठी जपून ठेवताना ट्रंकेत डांबरगोळ्या टाकण्याची पुष्कळ घरांत चाल आहे. या गोळ्यांत नॅप्थॅलीन असल्यास तिची वाफ कापडात मुरते. ‘जी-६-पीडी’ हे एंझाइम जन्मतःच कमी असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी तिच्यामुळे फुटतात व गंभीर कावीळ होते. ही उणीव भारतातील अनेक समाजांत आढळते आणि ती वरून दिसत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या मुळीच ठेवू नयेत.

पाणी, पैसा आणि श्रम

समजा, बाळाचे रोज बारा लंगोट धुवावे लागतात व त्यास पंधरा लिटरच्या तीन बादल्या लागतात. म्हणजे दिवसाला ४५ लिटर पाणी झाले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले. अर्थात लंगोटांसाठी जवळजवळ एका माणसाचे पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आणि जुलै २०१९ मध्ये जोलारपेटहून चेन्नईला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. अशा टंचाईत सापडलेल्या आईने टाकाऊ लंगोट घेतला, तर तिला दोष देता येणार नाही.

आता पैशाचा हिशोब पाहू. टाकाऊ लंगोटाची किंमत दहा रुपये धरली व दिवसाला सहा लागले, तर महिन्याला १,८०० रुपये आणि दोन वर्षांत ४३,८०० रुपये होतात. जुन्या कापडाला किंमत पडत नाही आणि शिवून घेतलेले लंगोट दुसऱ्या मुलालाही उपयोगी पडतात.

पण एक खर्च कोणत्याही वहीत मांडला जात नाही. तो म्हणजे धुणारीचे श्रम. बाळंतपणातून नुकत्याच उठलेल्या, रात्रीची झोप न मिळालेल्या स्त्रीवरच हे काम येऊन पडते. कापडी लंगोट वापरावेत असे घराने ठरविले, तर ते धुण्याचा वाटाही घराने उचलला पाहिजे. ज्याला बादली उचलावयाची नाही, त्याने कापडाचे गुण गाण्यात अर्थ नाही.

फेकलेल्या लंगोटाचे पुढे काय होते

टाकाऊ लंगोटातील प्लास्टिक कुजत नाही. तो शौचकूपात टाकल्यास शोषक कण फुगून नळ तुंबतात. तो जाळल्यास ओलीमुळे नीट जळत नाही व घातक धूर होतो. राहता राहिला कचऱ्याचा डबा. तेथून तो कचरावेचकांच्या हाती जातो. उघडा टाकलेला लंगोट म्हणजे दुसऱ्याच्या उघड्या हातांवर सोपविलेली विष्ठा होय. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत असे लंगोट नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी घरांवर घालण्यात आली. पुण्यातील कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने त्यांच्या पुडीवर लाल ठिपका काढण्याची साधी युक्ती पुढे आणली. त्यामुळे पुडी न उघडताच आत काय आहे ते कळते. गुंडाळण्यापूर्वी विष्ठा शौचकूपात टाकणे येथेही आवश्यक आहे.

एकंदर हानी कोणाची अधिक, याचा अभ्यास ब्रिटनमध्ये झाला आहे. २००८ च्या शासकीय अहवालात अडीच वर्षांच्या वापराने होणारे कार्बन उत्सर्जन टाकाऊ लंगोटांच्या बाबतीत सुमारे ५५० किलो व कापडी लंगोटांच्या बाबतीत सुमारे ५७० किलो, असे जवळपास सारखेच आढळले. विजेच्या यंत्रात वाळविल्यास कापडाचा आकडा पुष्कळ वाढतो. दोरीवर वाळविल्यास, यंत्र पूर्ण भरून धुतल्यास आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलाला वापरल्यास तो बराच उतरतो. २०२३ च्या नव्या अहवालात कापडी लंगोटांचे उत्सर्जन सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी ठरले. आपल्याकडे थंड पाण्यात धुणे व उन्हात वाळविणे हीच सर्वसाधारण पद्धत असल्याने विजेच्या बाबतीत कापडाची बाजू अधिकच बळकट होते; मात्र पाण्याची बाजू येथे नाजूक आहे.

निर्णय कसा करावा

यावरून दिसून येईल, की या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. पाणी पुरेसे, ऊन भरपूर आणि हातभार लावणारी माणसे असतील, तर कापडी लंगोट स्वस्त व हितकर आहेत. पाण्याची टंचाई, संततधार पाऊस, लांबचा प्रवास किंवा आईचे आजारपण असेल, तेव्हा टाकाऊ लंगोट वापरणे शहाणपणाचे ठरते. पुष्कळ घरांना मधला मार्ग सोयीचा पडेल : दिवसा कापड आणि रात्री एक टाकाऊ लंगोट. यात बाळाला व आईला अखंड झोप मिळते आणि कचरा व खर्च दोन्ही सुमारे एक षष्ठांशावर येतात. बाळाला ठराविक वेळी पायांवर बसवून शीला धरण्याची जुनी सवय चालू ठेवली, तर कोणत्याही प्रकारचे लंगोट कमीच लागतील.

लंगोटाची निवड ही प्रतिष्ठेची किंवा परंपरेची बाब नव्हे. बाळाची त्वचा कोरडी राहावी, त्याची विष्ठा कोणाच्या पाण्यात अथवा हातावर जाऊ नये आणि आईच्या श्रमांना मर्यादा असावी, या तीन कसोट्यांना जो मार्ग उतरेल, तो त्या घरासाठी योग्य समजावा.