माया करा, पण मोजून!

‘अहो, मोतीला रोज किती खायला घालता?’ आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये हा प्रश्न मला हमखास विचारतात. हिशोब सोपा आहे, मैत्रिणींनो. कुत्र्याच्या किलोतल्या वजनाला ३० ने गुणायचं, त्यात ७० मिळवायचे. १० किलोच्या मोतीच्या झाल्या ३७० कॅलरी. पण ही नुसती पडून राहण्यापुरती गरज. नसबंदी झालेल्या, रोज फिरणाऱ्या मोठ्या कुत्र्याला साधारण दीडपट, म्हणजे ५५०-६०० लागतात.

आता बघा, तूप लावलेली एक पोळीच शंभराच्या आसपास जाते! आजीची एक, मुलांची एक, ह्यांची एक, की निम्मा कोटा संपला. मग वजन वाढतं, सांधे दुखतात. म्हणून मी सकाळीच त्याचं दिवसभराचं जेवण डब्यात काढते. लाड करायचे त्याने त्यातूनच करावेत.

बरगड्या हाताला लागाव्यात, पण नजरेत भरू नयेत. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट मात्र अजिबात नको, विषच ते! पिल्लू, गाभण किंवा आजारी असेल तर डॉक्टरांनाच विचारा.

आणि जेवूनही तोंडाकडे बघत बसला, तर पोळीऐवजी खाली एक फेरी मारून आणा.