मोडीतल्या बंदुकीचे मोल

४ मे १७९९ रोजी म्हैसूरच्या टिपू सुलतानाचे श्रीरंगपट्टण पडले आणि विजेत्या इंग्रजांनी किल्ल्यातल्या शस्त्रांची मोजदाद केली. ९२९ तोफा, आणि बंदुका-कडाबिनी मिळून सुमारे ९९ हजार नग, अशी ती नोंद आहे. एका राज्याचे सारे सैन्य सज्ज करता येईल एवढा हा साठा एका दिवसात निरुपयोगी ठरला. आजच्या भाषेत तो लष्कराचा शिल्लक माल होता. २१ एप्रिल २०१५ रोजी लंडनच्या बोनहॅम्स या लिलावगृहात टिपूच्या शस्त्रांचा रॉबिन विगिंग्टन यांनी जमवलेला संग्रह विकला गेला. एकूण रक्कम साठ लाख पौंडांच्या घरात गेली आणि त्यातल्या चांदीच्या साजाच्या एका शिकारी बंदुकीने एकटीने सात लाख बावीस हजार पौंड मिळवले. चारच वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, इंग्लंडमधल्या बर्कशर परगण्यात एका घराच्या माळ्यावर सापडलेली टिपूच्याच शस्त्रागारातली चांदी मढवलेली बंदूक साठ हजार पौंडांना गेली. राजा एक, काळ एक, दोन्हींचा खटका गारगोटीच्या ठिणगीवर चालणारा, आणि किमतीत बारा पटींचे अंतर. कारागिरी आणि अवस्था यांतल्या फरकाने त्यातले काही अंतर भरून निघते, सगळे नाही. विगिंग्टन यांनी आपल्या संग्रहाच्या आधारे टिपूच्या बंदुकांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला होता आणि तो १९९२ मध्येच प्रसिद्ध झाला होता. म्हणजे २०१५ साली विकल्या गेलेल्या वस्तू बाजारात येण्याआधी अभ्यासल्या गेल्या होत्या, त्यांची ओळख पटलेली होती. जुन्या लष्करी बंदुकीला मिळणारी मोठी किंमत ही मुख्यतः या पटलेल्या ओळखीची किंमत असते, असे माझे म्हणणे आहे.

म्हैसूरच्या बंदुकीइतकी स्वतःविषयी बोलणारी बंदूक त्या काळात क्वचितच दुसरीकडे झाली असेल. नळीवर आणि खटक्यावर वाघाच्या पट्ट्यांची नक्षी, गारगोटी धरणारा भाग वाघाच्या तोंडाच्या आकाराचा, त्यावर कारखान्याचे ठिकाण आणि टिपूने स्वतः सुरू केलेल्या मौलुदी कालगणनेतले वर्ष. या बंदुका ज्या कारखान्यांत होत त्यांना ‘तारामंडल’ म्हणत. श्रीरंगपट्टण, बेंगळुरू, चित्रदुर्ग आणि बिदनूर, म्हणजे आजचे नगर, इथे ते होते. बेंगळुरूच्या जुन्या पेठेत सिटी मार्केटजवळची तारामंडलपेट आजही हे नाव वागवते. या शस्त्रांचा अनुभव मराठ्यांनी जवळून घेतला होता. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेला १७९०-९१ मध्ये धारवाडचा किल्ला घ्यायला सहा महिन्यांहून अधिक काळ लागला. मार्च १७९१ मध्ये इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस याने बेंगळुरूची पेठ आणि मग किल्ला घेतला. आठ वर्षांनी श्रीरंगपट्टण पडले तेव्हा वाघमुखी, सोन्याचांदीच्या बंदुका अधिकाऱ्यांच्या सामानातून इंग्लंडला गेल्या आणि म्हणून वाचल्या. साध्या शिपायाची साधी बंदूक जपण्याचे कारण कोणालाच नव्हते. त्या ९९ हजारांतल्या जेमतेम काही आज ओळखू येतात. जे मुबलक असते ते आधी नष्ट होते, कारण ते मुबलक आहे म्हणून कोणी जपत नाही. शिल्लक शस्त्रांच्या बाजाराचे निम्मे गणित इथेच सुटते.

यावर आक्षेप येईल की राजाच्या बंदुकीचा दाखला देऊन शिपायाच्या बंदुकीचा भाव समजावता येत नाही. टिपूचे नाव पुसा आणि मग बघा. आक्षेप रास्त आहे. म्हणून जिच्यामागे कोणत्याही राजाचे नाव नाही अशी बंदूक घेऊ. भारतात शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली याने आखलेला खटका आणि एनफिल्डच्या कारखान्यातली नळी यांचा मेळ घालून १८९५ मध्ये ब्रिटिश सैन्याने ती स्वीकारली. दहा गोळ्यांचे मॅगझिन, मागे-पुढे सरकवायचा चपळ बोल्ट, चिखलात आणि वाळूतही न अडणारी रचना. सगळ्या कारखान्यांचे मिळून या घराण्याच्या दीड कोटीहून अधिक रायफली झाल्या. भारतात बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने १९०७ च्या सुमारास तिचे उत्पादन सुरू केले आणि ते स्वातंत्र्यानंतरही चालू ठेवले. १९६२ च्या युद्धात आपले जवान हीच रायफल घेऊन चिन्यांसमोर उभे होते. त्यानंतर ईशापूरने तिच्यात ७.६२ मिलिमीटरचे काडतूस बसेल असा बदल केला, पोलाद अधिक कणखर वापरले, मॅगझिन बारा गोळ्यांचे केले. टू-ए आणि टू-ए-वन या नावांनी ओळखली जाणारी ती रायफल जगात फक्त भारतात झाली. इतक्या प्रचंड संख्येने बनलेल्या वस्तूला दुर्मीळ म्हणायला जीभ रेटत नाही. तरी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अस्सल, न बदललेल्या ली-एनफिल्डचे भाव गेल्या काही दशकांत सतत चढत आले आहेत.

हे कसे होते ते पाहायचे तर संग्राहक रायफल हातात घेतल्यावर पहिल्यांदा कुठे पाहतो ते बघावे. तो नेम धरत नाही. दस्त्याच्या मुळाशी असलेल्या पोलादी पट्टीवरचा राजमुकुट, त्याखालचे कारखान्याचे नाव, वर्ष आणि प्रकार तो वाचतो. मग बोल्टवरचा क्रमांक नळीच्या मुळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहतो. क्रमांक जुळला तर ही रायफल कारखान्यातून जशी निघाली तशीच इथवर आली, असा पुरावा मिळतो. ईशापूरच्या रायफलीवर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले, म्हणजे एका राज्यसत्तेचा अंत आणि दुसरीचा आरंभ त्याच पोलादी पट्टीवर कोरला गेला. लाकडात आडवा बसवलेला एक जादा स्क्रू दिसला की रायफल भारतातून आली हे जाणकार दुरूनही सांगतो. पुढच्या लाकडाभोवती तारेचे घट्ट वेढे असले तर ती हातगोळा फेकण्यासाठी राखीव होती. प्रत्येक खूण म्हणजे एखाद्या शस्त्रागारातल्या आर्मररने, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, घेतलेला निर्णय, आणि या खुणा वाचता येण्यासाठी इयान स्केनर्टन या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने आयुष्यभर ग्रंथ लिहिले. ग्रंथ आले, तशी पारख आली, आणि पारखीमागून भाव आला.

काही लोक म्हणतात की हे सारे फुकाचे आहे. या रायफली उत्तम नेम साधतात, अजून शिकारीला चालतात, म्हणून महागल्या. हे खरे असते तर कापलेली रायफल आणि न कापलेली रायफल यांना एकच भाव मिळाला असता. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक ली-एनफिल्ड कवडीमोल झाल्या तेव्हा हजारो लोकांनी त्यांचे पुढचे लाकूड कापून, नळी आखूड करून त्यांच्या शिकारी बंदुका केल्या. अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी ईशापूरच्या टू-ए-वन कापून ‘जंगल कार्बाइन’ या आखूड ली-एनफिल्डसारख्या दिसणाऱ्या रायफली विकल्या. त्या आजही तितक्याच चांगल्या चालतात, वजनाला हलक्या, हाताळायला सोप्या. पण संग्राहक त्यांना न कापलेल्या रायफलीच्या जवळपासही भाव देत नाही. उलट दिशेचा पुरावा पेशावरच्या दक्षिणेकडच्या दर्रा आदमखेलमधून मिळतो. तिथल्या लोहारांनी हातोडा-कानशीने हुबेहूब ली-एनफिल्ड घडवल्या. त्यांतल्या काहींवर ‘एनफिल्ड’ या इंग्रजी अक्षरांतला एन उलटा कोरलेला असतो. गोळी उडवण्याचे काम त्याही करतात. पण खूण खोटी निघाली की अस्सल एनफिल्डचा भाव त्यांना मिळत नाही. नेम आणि ताकद यांची किंमत वेगळी असते, आणि ती फार नसते.

पुरवठ्याची बाजूही नोंदवायला हवी, कारण तिच्याशिवाय हे पुरे होत नाही. अमेरिकेने १९६८ च्या कायद्याने परदेशी लष्करी शिल्लक बंदुकांची आयात थांबवली आणि १९८० च्या दशकात जुन्या, संग्राह्य नमुन्यांसाठी दार पुन्हा उघडले. त्या दारातून भारतातल्या ली-एनफिल्ड आणि रशिया-युक्रेनमधल्या मोसिन-नागां रायफली लाटेसारख्या आल्या. साडेतीन कोटींच्या घरात बनलेली मोसिन या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शंभर डॉलरच्या आत मिळे. साठे संपले तसा तिचा भाव अनेक पटींनी वाढला. आता नव्या लाटेची शक्यता कमी होत चालली आहे. आजच्या सैन्यांच्या रायफली स्वयंचलित असल्याने त्या सामान्य नागरिकाला विकताच येत नाहीत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या लहान शस्त्रांविषयीच्या २००१ च्या कृती कार्यक्रमानंतर अनेक सरकारे शिल्लक शस्त्रे विकण्याऐवजी वितळवतात. बोल्टच्या जुन्या लष्करी रायफलींचा झरा बहुतांशी आटला. तरी पुरवठा आटणे हे कारण एकटे पुरत नाही. कापलेल्या रायफलींचा पुरवठाही आटलाच की. त्या का नाही तशा महागल्या?

सर्वांत गंभीर आक्षेप नीतीचा आहे. माणसे मारण्यासाठी बनवलेल्या यंत्राला पूज्य वस्तू करणे बरे का? आणि ज्या थ्री नॉट थ्रीचे आज कौतुक चालते, तीच हातात घेऊन २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलीस दहशतवाद्यांच्या स्वयंचलित रायफलींसमोर उभे होते. त्या शिपायांना इतके जुने शस्त्र देणे हा त्यांच्यावर झालेला अन्याय होता, आणि ती रायफल सेवेतून जाणे फार आधी व्हायला हवे होते. पण सेवेतून काढणे आणि पुरावा नष्ट करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या रात्री आपल्या पोलिसांच्या हातात नेमके काय होते हे पुढच्या पिढीला दाखवायचे असेल तर ती वस्तू शिल्लक राहायला हवी. कर्नाटकातच कोडगूमध्ये कोडव समाजाला बंदूक बाळगण्यासाठी परवान्यातून सूट आहे, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली, आणि कैलपोळ्दु सणाला घराघरांत तिची पूजा होते. शस्त्राला आठवणीची वस्तू मानणे हा काही परदेशी छंद नाही.

भारतात मात्र संग्राहकाला वाट जवळजवळ नाही. थ्री नॉट थ्रीचे .३०३ हे बोअर, म्हणजे नळीचे माप, नागरिकांना निषिद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आल्या. मी या कायद्याच्या विरोधात नाही. पण खासगी संग्राहकाला मज्जाव असेल तर जपणुकीची जबाबदारी सरकारची ठरते, आणि ती घेतलेली दिसत नाही. १९१५ साली ईशापूरला बनलेली रायफल आता शंभर वर्षांहून जुनी आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कसोटीवर ती उतरू शकते. तरीही पोलिसांच्या कोठारात ती केवळ मोडीत काढायचा नग असते. आणि ती मोडीत निघण्याची वेळ आलीही आहे: उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या जानेवारीत थ्री नॉट थ्रीला निरोप दिला. सरकारने मनावर घेतले तर काय होते तेही दिसले आहे: २०१८ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर येथे एका विहिरीत टिपूकालीन हजारभर अग्निबाण सापडले, ते सरकारने ताब्यात घेतले आणि ते अभ्यासासाठी एकत्र राहिले. खासगी हातांचा भरवसा किती याचे उदाहरणही बेंगळुरूनेच दिले आहे: उद्योगपती विजय मल्ल्या यांनी २००३ मध्ये लंडनच्या लिलावात घेतलेली टिपूची तलवार त्यांनी २०१६ मध्ये देऊन टाकल्याचे पुढे न्यायालयीन प्रकरणात समोर आले. टिपूचीच दुसरी एक तलवार २०२३ मध्ये बोनहॅम्समध्ये एक कोटी चाळीस लाख पौंडांना गेली. एवढ्या किमतीत ती विकत आणणे कोणत्याही राज्य संग्रहालयाला झेपणार नाही.

थ्री नॉट थ्रीच्या बाबतीत अजून तशी वेळ आलेली नाही आणि खर्चही नाही. कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या पोलीस खात्यांनी उरलेल्या रायफली भट्टीत घालण्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचा, प्रत्येक प्रकाराचा आणि शक्य तितक्या वर्षांचा एकेक नग बाजूला काढावा. चेंबरला भोक पाडून तो कायमचा निकामी करावा, पण शिक्के आणि क्रमांक घासू नयेत, आणि कोणत्या ठाण्यातून तो आला याची नोंद त्याच्यासोबत ठेवावी. बेंगळुरूच्या कस्तुरबा रोडवरचे सरकारी संग्रहालय आणि मुंबई-पुण्यातली संग्रहालये यांना तो द्यावा. लागेल तो एक शासन निर्णय आणि एका आर्मररचे काही दिवस.