घाटीच्या भिंती आणि वायफायच्या लहरी

छत्रपती संभाजीनगरात 'घाटी' म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हे रुग्णालय. मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण इथे येतात. एवढ्या मोठ्या रुग्णालयात केसपेपर संगणकावर गेला, एक्स-रे पडद्यावर बघायचा झाला, की वायफाय ही चैन राहत नाही.

वायफायचे नेहमीचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे. ५ चा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो. विटांची भिंत लहरींची थोडी ऊर्जा खाते, सळ्यांचं काँक्रीट बरीच खातं आणि एक्स-रे खोलीतलं शिसं तर जवळजवळ काहीच पलीकडे जाऊ देत नाही. माणूसही अडथळाच, शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं. त्यामुळे रात्री रिकाम्या ओपीडीत घेतलेली मोजमापं सकाळी खोटी ठरतात. मोजायचंच तर सोमवारी, रांगा जिन्यापर्यंत गेल्यावर.

हमखास सुचणारा उपाय म्हणजे जास्त ताकदीचा राउटर. तो फसतो, कारण बोलणं दोन्हीकडून व्हावं लागतं. फोनची ताकद १०० मिलिवॅटच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. त्याला राउटरचं ऐकू येतं, पण त्याचं उत्तर राउटरपर्यंत पोचत नाही. पडद्यावर कांड्या पूर्ण आणि काम शून्य! साधा रिपीटरही फार कामाचा नाही. एकाच चॅनेलवर तो आधी ऐकतो, मग तेच पुन्हा बोलतो आणि वेग निम्म्यावर आणतो. टिकतं ते कमी ताकदीच्या अनेक अ‍ॅक्सेस पॉइंटचं जाळं. प्रत्येकापर्यंत केबल, त्याच केबलमधून वीज. शेजारच्या पॉइंटांची सरमिसळ होऊ नये म्हणून २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे चॅनेल आलटूनपालटून द्यायचे, वरच्या-खालच्या मजल्याचा हिशेब धरून.

सुरक्षेचं दुखणं वेगळं. एकच पासवर्ड ठेवला तर तो सिस्टर, शिकाऊ डॉक्टर आणि नातेवाईक, सगळ्यांच्या तोंडी होतो. २००४ पासूनच्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत सामाईक पासवर्ड माहीत असलेला माणूस, फोन जोडला जातानाची देवाणघेवाण टिपून, दुसऱ्याचा मजकूरही उलगडू शकतो. २०१८ च्या डब्ल्यूपीए-३ ने ही फट बुजवली. तरी रुग्णालयात प्रत्येकाचं स्वतंत्र खातंच हवं. बदली झाली की तेवढंच बंद करता येतं. नातेवाइकांना वेगळं जाळं द्यावं, जिथून केसपेपरच्या सर्व्हरकडे वाटच नसेल.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि कामकाज कित्येक दिवस कागदावर आलं. जाळ्याची नीट विभागणी नव्हती, हे कारण सरकारनेच संसदेत दिलं.

उरते चालत्या माणसाची गाठ. जुना पॉइंट कधी सोडायचा हे फोन स्वतः ठरवतो आणि तो भलताच चिकट असतो. शिवाय प्रत्येक नव्या पॉइंटवर खात्याची तपासणी पहिल्यापासून झाली तर वॉर्डातून वॉर्डात जाणाऱ्या डॉक्टरांचा कॉल मध्येच तुटतो. २००८ च्या ८०२.११-आर मानकामुळे हे हस्तांतर झटपट होतं. जुन्या टॅब्लेटना मात्र ते समजेलच असं नाही. म्हणून निविदा काढण्याआधी वॉर्डांत फिरणाऱ्या यंत्रांची यादी करावी; खरेदीत नेमकी तीच राहून जाते.