धुळ्याच्या तुरुंगातले अठरा रविवार

१९३२ च्या जानेवारीत, गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाताने परतलेल्या गांधीजींना सरकारने अटक करून येरवड्यास ठेवले आणि वटहुकुमांचा सपाटा सुरू केला, तेव्हा धुळ्याचा तुरुंग सत्याग्रह्यांनी हां हां म्हणता भरून गेला. बाहेर लाठीमार आणि जप्त्या, आत घरच्या खबरबातीसाठी झुरणारी मने. अशा कोंडवाड्यात सरकारवरचा संताप शेजारच्या कैद्यावर निघावयास वेळ लागत नाही. (राजकारणाचा धुरळा उडाला की जेवणाच्या पानावर भावाभावांत अबोला धरला जातो, त्याचीच ही जात.)

या तुरुंगात विनोबा होते, साने गुरुजीही होते. विनोबांनी प्रारंभी उपदेश केला नाही. ते जात्याशी बसले. खुंटा हाती धरून, घामाने निथळत, मुठीमुठीने वैरण घालीत जो मनुष्य आपल्याबरोबर दळतो, त्याच्याशी भांडण उकरून काढणे कठीण असते. आणि शिक्षा म्हणून लादलेले काम सर्वांनी आपखुशीने वाटून घेतले, म्हणजे त्यातील अपमानाचा काटा बोथट होतो. पुढे त्यांच्या शब्दाला जे वजन आले, ते माझ्या मते पांडित्याहून या पिठाचे अधिक.

२१ फेब्रुवारीस, रविवारी, त्यांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केले. दोन्ही सैन्यांत आपलीच माणसे पाहून ज्याचे हात कापू लागले त्या अर्जुनाची व्यथा, घरदार मागे टाकून आलेल्या त्या श्रोत्यांना टीकाग्रंथांवाचूनही उमगली असावी. आईला संस्कृत गीता कळेना, म्हणून तिच्यासाठी ती मराठीत आणण्याचा जो संकल्प विनोबांनी बाळगला होता, तो ‘गीताई’च्या रूपाने नुकताच सिद्धीस गेला होता, तीच घरगुती, दृष्टान्तांनी भरलेली भाषा येथे कैद्यांच्या कानी पडत होती. दर रविवारी एक अध्याय, असा नेम १९ जूनपर्यंत, अठरा आठवडे, अखंड चालला. बाहेर काय घडेल याचा भरवसा नव्हता, परंतु येत्या रविवारी काय होणार हे मात्र प्रत्येकास ठाऊक होते. क्षुब्ध मनाला एवढा टेकूही पुष्कळ असतो.

समोर बसून साने गुरुजी ती प्रवचने भराभर उतरून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्या हाती आहे, तो त्या टिपणांमुळे. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्याच हाताने अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली.