मैफिलीच्या ध्वनिमुद्रणातील विकृत कंठस्वर : दुरुस्तीची तत्त्वे आणि मर्यादा

गायन ही काळाच्या ओघात घडणारी आणि त्याच ओघात विरून जाणारी कला होय. पुण्यात १९११ साली भारत गायन समाजाची स्थापना करणारे भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. त्यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यामुळे त्यांच्या गायकीविषयी जे जाणता येते, ते शिष्यपरंपरा आणि श्रोत्यांच्या आठवणी यांच्या आधारेच. अब्दुल करीम खाँ यांचा आवाज ध्वनिमुद्रिकांतून ऐकावयास मिळतो; परंतु मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचाच अवकाश असल्यामुळे विलंबित ख्यालाचा विस्तार तीत मावणे शक्य नव्हते. तो विस्तार प्रथम टिपला गेला तो मैफिलीत फिरणाऱ्या ध्वनिफितीवर. सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या महोत्सवासारख्या प्रसंगी, किंवा एखाद्या वाड्यातील खासगी बैठकीत, गायक समोरच्या श्रोत्यांना पाहून जे गातो, ते ध्वनिमुद्रणशाळेतील बंद खोलीत गाईलच असे नाही. म्हणूनच मैफिलीचे ध्वनिमुद्रण हे संगीताच्या अभ्यासकाचे मोलाचे साधन ठरते. आणि त्यात कंठस्वर विकृत झाला असेल, तर प्रश्न केवळ श्रवणसुखाचा राहत नाही, तो पुराव्याचा होतो.

विकृती होते कशी, हे प्रथम पाहू. ध्वनिग्राहक, वर्धक, फीत किंवा अंकीय यंत्र यांपैकी प्रत्येकाची एक कमाल मर्यादा असते. मध्य सप्तकातील संथ आलापीच्या मानाने मुद्रणाची पातळी ठरविली आणि गायकाने पुढे तार षड्जावर पूर्ण जोराने आवाज लावला, किंवा तान घेताना तो ध्वनिग्राहकाच्या अगदी निकट आला, तर ती मर्यादा ओलांडली जाते. अशा वेळी ध्वनितरंगाचे शिखर छाटले जाऊन त्या जागी सपाट पठार उरते. ही हानी किती असते, याची कल्पना शुद्ध एकस्वरी तरंगाच्या गणितावरून येईल. पातळी मर्यादेहून केवळ १ डेसिबलने अधिक झाली, तर तरंगाचा सुमारे ३० टक्के काळ पठारात जातो. ३ डेसिबलने झाली तर ५० टक्के आणि ६ डेसिबलने झाली तर ६७ टक्के. मानवी कंठस्वराची शिखरे अधिक टोकदार असल्याने प्रत्यक्षात हे प्रमाण सामान्यतः कमी भरते; परंतु अल्पशा अतिरेकानेही मोठी हानी होते, हे यावरून स्पष्ट होईल.

छाटलेल्या तरंगात मुळात नसलेले नाद उत्पन्न होतात. वरची व खालची शिखरे सारखीच छाटली गेल्यास मूळ नादाच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा विषम पटींचे नाद प्रबळ होतात आणि आवाज कर्कश व फाटका वाटू लागतो. याहून सूक्ष्म असा दुसरा दोष संगीतशास्त्राच्या दृष्टीने अधिक घातक आहे. दोन नाद एकाच वेळी अशा यंत्रातून गेले असता त्यांच्या संयोगाने तिसरेच नाद जन्मास येतात. षड्ज २४० आंदोलनांचा व कोमल ऋषभ २५६ आंदोलनांचा मानू. मारवा रागात तंबोऱ्याचा षड्ज अखंड चालू असता गायक ऋषभावर ठेहराव घेतो, तेव्हा विकृतीमुळे निर्माण होणाऱ्या नादांत २५६ च्या दुपटीतून २४० वजा केल्यावर येणारा २७२ आंदोलनांचा, आणि २४० च्या दुपटीतून २५६ वजा केल्यावर येणारा २२४ आंदोलनांचा, असे दोन नाद असतात. शुद्ध ऋषभ २७० आंदोलनांचा. म्हणजे मारव्यात सर्वथा वर्ज्य असलेल्या स्वराच्या अगदी शेजारी एक परका नाद उभा राहतो. गायकाचा स्वर तंबोऱ्याहून प्रबळ असल्यामुळे दोहोंपैकी २७२ चाच नाद अधिक ठळक होतो, आणि तोही रागाच्या वादी स्वरावर! षड्जाची पट्टी बदलली तरी हे प्रमाण बदलत नाही. अशा मुद्रणावरून श्रुतींचे मापन करणाऱ्याने गायकाच्या कंठाचे मापन केले की यंत्राच्या दोषाचे, हा प्रश्न अटळ होय.

दुरुस्तीचा पाया एका साध्या गोष्टीत आहे : पठारांच्या दरम्यानचा तरंग बहुधा शाबूत असतो. सेकंदास ४४,१०० नमुने घेणाऱ्या अंकीय मुद्रणात २७७ आंदोलनांच्या स्वराच्या, म्हणजे काळी एक पट्टीतील तार षड्जाच्या, एका आंदोलनात सुमारे १५९ नमुने येतात. अतिरेक ३ डेसिबलचा असेल, तर प्रत्येक अर्ध्या आंदोलनातील ८० पैकी ४० नमुने गमावले जातात व ४० विश्वसनीय राहतात. शिवाय गमावलेल्या नमुन्यांविषयीही एक गोष्ट निश्चित ठाऊक असते : त्यांचे खरे मूल्य पठाराच्या उंचीहून कमी नव्हते. कंठस्वर क्षणोक्षणी स्वतःची पुनरावृत्ती करीत असतो. त्यामुळे प्रत्येक नमुना त्याच्या पूर्वीच्या काही नमुन्यांच्या भारित बेरजेने बऱ्याच अंशी वर्तविता येतो. या तत्त्वावर हरवलेले नमुने भरून काढण्याची रीत यान्सेन, वेल्डहाउस व व्रीस यांनी १९८६ साली मांडली. छाटलेल्या शिखरांचा प्रश्न एबल व स्मिथ यांनी १९९१ साली स्वतंत्रपणे हाताळला. त्यानंतरच्या काळात, थोडक्यांत थोडे नाद वापरून शाबूत नमुन्यांशी जुळेल असा तरंग शोधावयाचा, ही दृष्टी पुढे आली. किटिच, बर्तां व ग्रिबोनव्हाल यांचे २०१५ सालचे काम याच मार्गाचे आहे. या रीतींच्या तपशिलात भेद असला, तरी त्यांच्या उत्तम अंमलबजावणीची कसोटी एकच : शाबूत नमुन्यांस धक्का लावू नये आणि भरलेले शिखर पठाराखाली जाऊ देऊ नये.

चुंबकीय फितीची विकृती निराळ्या जातीची असते. तेथे शिखर एकदम छाटले जात नाही, ते हळूहळू दबत जाते. संपृक्तता पूर्ण झाली नसेल, तर दाब आणि मूळ उंची यांचा संबंध उलट दिशेने वाचून ते बऱ्याच अंशी पूर्ववत करता येते. परंतु विकृती ध्वनिक्षेपकातच होऊन तो फाटका आवाज मंडपातून फिरून ध्वनिग्राहकात शिरला असेल, तर छाटणीवर प्रतिध्वनीचा थर चढतो. पठारे दिसेनाशी होतात आणि वरील रीती निष्प्रभ ठरतात. म्हणून उपचारापूर्वी निदान आवश्यक असते, व ते तरंगाचे चित्र पाहूनच करावे लागते.

उपचारांचा क्रमही महत्त्वाचा आहे. फितीची गती व वाचनशीर्षाचा कोन आधी नीट लावून, नमुन्यामागे २४ अंकस्थानांच्या सूक्ष्मतेने, पातळी पुरेशी खाली ठेवून प्रतिलेखन करावे. भरलेली शिखरे मूळ मर्यादेच्या वर जाणार असल्याने त्यांना जागा लागते. शिखरांची दुरुस्ती सर्वप्रथम करावी. खरखर काढणे किंवा उच्च-नीच नादांचा समतोल साधणे हे उपचार आधी केल्यास पठारे तिरकी होतात आणि छाटणी कोठे झाली हे ओळखणेच दुष्कर होते. आधीच्या प्रतिलेखनांत असे घडून गेले असेल, तर मूळ फितीकडे परतण्यावाचून गत्यंतर नाही.

आता मर्यादांविषयी. वरील सर्व गणित थोड्या काळापुरता स्वर स्थिर आहे असे गृहीत धरते. द्रुत, गमकयुक्त तानेत हे गृहीत डळमळते, आणि नेमकी तेथेच छाटणीही अधिक असते. हरवलेला भाग जसजसा लांबतो, तसतसे उत्तर गणिताकडून अनुमानाकडे सरकते. अलीकडील काळात असंख्य आवाज ऐकवून शिकविलेली यंत्रजाले हा भाग मोठ्या कौशल्याने भरतात. ते ऐकावयास निर्दोष वाटते. परंतु त्यात जे भरले जाते, ते यंत्राने इतरत्र ऐकलेल्या आवाजांवरून संभवनीय ठरविलेले असते. त्या रात्री त्या गायकाच्या कंठातून निघालेलेच असते असे नाही. आवाजाचा खडबडीतपणा हा काही गायकींत दोष नसून लगावाचाच भाग असतो. विकृती समजून तो पुसला गेला, तर दुरुस्तीनेच पुरावा नष्ट केला असे होईल.

यास्तव श्रोत्यासाठी केलेली प्रत आणि अभ्यासकासाठी राखलेली प्रत यांत भेद करणे अगत्याचे आहे. पहिलीत रसभंग टाळण्याकरिता बरेच काही क्षम्य ठरते. दुसरीत मूळ प्रतिलेखन अस्पर्शित ठेवून, कोणत्या क्षणी कोणते नमुने भरले व कोणत्या रीतीने, याची नोंद सोबत असावयास हवी. हस्तलिखिताचा संपादक त्रुटित अक्षरे कंसात देतो. वाचकास मूळ कोठे संपते व संपादक कोठे सुरू होतो हे कळते. ध्वनिमुद्रणाच्या संपादनातही हाच दंडक पाळला गेला, तर मारव्याच्या त्या ऋषभाविषयी पुढील पिढीचा अभ्यासक जे लिहील, ते गायकाविषयी असेल, यंत्राविषयी नव्हे.